जपानमधला आरोग्य विमा: उत्पन्न शून्य असलं तरी ते कळवावं लागतं

प्रश्न विचारणारी सोलापूरची मुलगी एप्रिलच्या सुरुवातीला टोकियोत मास्टर्ससाठी आली. जूनच्या मध्यात तिला वॉर्ड ऑफिसकडून राष्ट्रीय आरोग्य विम्याचं पाकीट आलं. वर्षाचा आकडा होता ६४ हजार येनच्या आसपास. तिच्याच वर्गातल्या नेपाळी मैत्रिणीला मात्र १९ हजार आले. निघताना वडिलांनी भारतातून प्रवास विमा काढून दिला होता. म्हणून ती विचारते: ताई, हा सरकारी विमा सोडता येईल का? बिल एवढं का आलं? आणि दाढ दुखते आहे ती इथेच दाखवू की फेब्रुवारीत घरी गेल्यावर?

मी इथे परदेशी विद्यार्थ्यांच्या मदत कक्षात काम करते आणि गरज पडेल तेव्हा रुग्णालयात दुभाषी म्हणून जाते. वॉर्ड ऑफिसची खिडकी आणि रुग्णालयाचा कॅश काउंटर अशा दोन्ही बाजू रोज बघायला मिळतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

विमा सोडता येत नाही. तीन महिन्यांहून जास्त मुक्कामाचा परवाना असलेल्या आणि नोकरीच्या विम्यात नसलेल्या प्रत्येकाला कोकुमिन केन्को होकेनमध्ये, म्हणजे सगळे ज्याला कोकुहो म्हणतात त्यात, नाव घालावंच लागतं. जुलै २०१२ च्या आधी ही अट एक वर्षाच्या मुक्कामाची होती. जुन्या लेखांत अजून तेच सापडतं, त्यावर जाऊ नकोस. ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्यांचं नुकसान दोन्हीकडून होतं. उशिरा नाव घातलं तरी हप्ता मागच्या तारखेपासून लावतात, पण मधल्या काळात डॉक्टरला दिलेले पैसे सहसा परत मिळत नाहीत. वडिलांनी काढलेली पॉलिसी मुदत संपेपर्यंत राहू दे. घरच्या माणसाला बोलावून घेण्याचा खर्च तिच्यात असेल तर तो कोकुहोत नसतो. मात्र इथल्या दवाखान्यात ती पॉलिसी दाखवून काही होत नाही. पूर्ण बिल आधी आपण भरायचं आणि मग भारतात दावा करायचा.

आता बिल. ते चुकीचं नाही, पण तू भरावंस एवढंही नाही.

हप्त्याचे मुख्य दोन भाग असतात. एक माणशी ठरलेला, दुसरा मागच्या वर्षी जपानमध्ये झालेल्या कमाईवर. तू नुकतीच आलीस, त्यामुळे दुसरा भाग शून्य आहे. पहिला भाग टोकियोच्या २३ वॉर्डांत २०२५ साली चाळिशीच्या आतल्या माणसाला वर्षाला ६४ हजारांच्या घरात होता. इतर शहरांत आकडा वेगळा, कारण हा विमा त्या त्या पालिकेकडून चालतो. कमी उत्पन्न असलेल्यांना या माणशी रकमेत सूट मिळते, उत्पन्नानुसार ७०, ५० किंवा २० टक्के. या सुटीला गेन्गाकु म्हणतात. तुझ्यासारख्या विद्यार्थिनीला ७० टक्के सूट लागू होते, आणि मैत्रिणीचे १९ हजार तिथूनच आले.

मग तुला सूट का नाही? तुझं उत्पन्न शून्य आहे हे वॉर्डला कोणी सांगितलंच नाही. तू १ जानेवारीला सोलापुरात होतीस, त्यामुळे तुझ्या कमाईची कोणतीही नोंद इथल्या एकाही पालिकेकडे नाही. त्यांच्या लेखी तुझी कमाई ‘माहीत नाही’ अशी आहे. ‘माहीत नाही’ला सूट नसते, ‘शून्य’ला असते. मैत्रिणीकडून नाव नोंदवतानाच खिडकीवर तो कागद भरून घेतला असणार.

हा कागद म्हणजे उत्पन्नाचं निवेदन, शिन्कोकु. बहुतेक ठिकाणी एका पानाचा असतो. नाव, जन्मतारीख, १ जानेवारीला कुठे होतीस, मागच्या वर्षी जपानमध्ये काही कमावलंस का, आणि कमावलं नसेल तर खर्च कसा भागला. शेवटच्या प्रश्नाखाली चौकोन असतात: घरून पैसे येतात, शिष्यवृत्ती मिळते, बचतीतून चालतं. लागू असेल तिथे खूण करायची. घरून येणारे पैसे म्हणजे उत्पन्न नव्हे, आणि मोनबुशोसारखी सरकारी शिष्यवृत्तीही यात धरत नाहीत, त्यामुळे ते लिहायला घाबरायचं कारण नाही. आलेलं पाकीट, रेसिडेन्स कार्ड आणि विद्यार्थी ओळखपत्र घेऊन विमा विभागाच्या खिडकीवर जा आणि म्हण, ‘शोतोकु नो शिन्कोकु ओ शिताई देसु’, म्हणजे उत्पन्नाचं निवेदन द्यायचं आहे. काही आठवड्यांत दुरुस्त केलेलं बिल घरी येतं. एखादा हप्ता आधीच भरला असेल तर जास्तीचे पैसे वळते होतात किंवा परत मिळतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हा कागद दरवर्षी भरायचा असतो. पहिल्या वर्षी निदान काही ठिकाणी खिडकीवरची बाई आठवण करते, दुसऱ्या वर्षी कोणी करत नाही. ज्यांनी बाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, केला त्यांच्या पगाराचा अहवाल मालकाकडून पालिकेला जातो, त्यामुळे त्यांची नोंद बहुधा आपोआप होते. अडकतात ते एक येनही न कमावलेले, प्रयोगशाळेत रात्रंदिवस बसणारे पीएचडीवाले. त्यांना वाटतं, कमाईच नाही तर सांगायचं काय? फेब्रुवारीच्या मध्यापासून १५ मार्चपर्यंत हे निवेदन द्यायचे दिवस असतात. तारीख हुकली तरी खिडकी बंद होत नाही. नंतरही घेतात, फक्त सूट लागायला उशीर होतो.

बाइतो करणार असशील तर एक आकडा लक्षात ठेव. एकट्या माणसाला ७० टक्के सुटीसाठी वर्षाचा पगार ९ लाख ८० हजार येनच्या आत लागायचा. २०२५ च्या पगारापासून वजावट वाढल्यामुळे ही मर्यादा १० लाख ८० हजार झाली. त्यापुढे ५० आणि २० टक्क्यांच्या पायऱ्या आहेत. विद्यार्थ्यांना परवानगी असलेले आठवड्याचे २८ तास पूर्ण भरून काम करणारी मुलं ही मर्यादा सहज ओलांडतात, आणि पुढच्या जूनमध्ये बिल दुप्पट-तिप्पट झालं की हबकतात. म्हणून म्हणते, कमाईतून थोडे पैसे पुढच्या वर्षाच्या हप्त्यासाठी बाजूला टाक.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांना कोणीच सांगत नाही. सूट माणसाच्या नव्हे, कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरते, आणि ‘कुटुंब’ म्हणजे पालिकेच्या दप्तरी एका सेताईत नोंदलेली माणसं. दोघी मैत्रिणींनी फ्लॅट घेतला आणि पत्ता नोंदवताना एक कुटुंबप्रमुख, म्हणजे सेताईनुशी, आणि दुसरी तिची ‘दोक्योनिन’, म्हणजे सोबत राहणारी, अशी नोंद झाली, तर दोघींची कमाई एकत्र धरतात. शिवाय दोघींचंही बिल प्रमुखाच्या नावाने येतं. पश्चिम टोकियोतल्या शेअर फ्लॅटपासून पूर्व टोकियोतल्या निशी-कासाईत ओळखीच्या मराठी कुटुंबाकडे खोली घेऊन राहणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना हे लागू आहे. नोकरी करणाऱ्या काकांच्या कुटुंबात तुझं नाव गेलं तर त्यांच्या पगारापुढे तुझी सूट टिकत नाही. खर्च वेगवेगळा असेल तर नोंदही वेगळी ठेवायची. पत्ता नोंदवताना ‘सेताई वा बेत्सु देसु’, म्हणजे आमची कुटुंबं वेगळी आहेत, एवढं सांगितलं की पुरतं, आणि आधीच एकत्र झाली असेल तर नंतर वेगळी करून घेता येते. जोडीदार व्हिसावर सोबत असेल तर गोष्ट वेगळी. ते खरोखरच एक कुटुंब, आणि कोकुहोत ‘अवलंबित मोफत’ असा प्रकार नसल्यामुळे त्याचाही माणशी हप्ता लागतो.

४५ हजारांच्या फरकासाठी एवढा खटाटोप कशाला, असं कोणाला वाटेल. पण शिन्कोकुचं खरं मोल कळतं ते रुग्णालयात दाखल झाल्यावर.

कोकुहो असला की उपचाराच्या खर्चाचे ३० टक्के आपण भरायचे, ७० टक्के विमा भरतो. मोठ्या आजारात ते ३० टक्केही झेपत नाहीत, म्हणून महिन्याची एक कमाल मर्यादा आहे, कोगाकु र्योयोही. ती उत्पन्नाप्रमाणे ठरते. २०२५ साली रहिवासी कर, म्हणजे पालिकेचा उत्पन्नावरचा कर, माफ असलेल्या कुटुंबाला महिन्याला ३५,४०० येन, आणि कर भरणाऱ्या पण कमी कमाईच्या कुटुंबाला ५७,६०० येन अशी ती होती. ज्यांनी उत्पन्न कळवलेलंच नाही त्यांना मात्र सगळ्यात श्रीमंत गटात टाकतात. २०२५ साली त्या गटाची मर्यादा २,५२,६०० येनपासून सुरू होत होती.

समज, अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली आणि एकूण बिल ६ लाख येन आलं. तुझे ३० टक्के झाले १ लाख ८० हजार. कागद भरलेला असेल तर तू ३५,४०० देऊन घरी येतेस. नसेल तर श्रीमंतांची मर्यादा तुझ्या १ लाख ८० हजारांच्या कितीतरी वर आहे, म्हणून सगळे पैसे तुझ्याकडूनच घेतले जातात. पोटाला टाके असलेल्या मुलाला कॅश काउंटरवर हे समजावून सांगण्याची वेळ दुभाष्यावर येते. नंतर निवेदन देऊन फरक परत मागता येतो, त्याला दोन वर्षांची मुदत आहे. पण पैसे परत यायला महिने लागतात, आणि तोवर भाडं आणि फी थांबत नाही.

मर्यादा कॅलेंडरच्या महिन्याप्रमाणे मोजतात. २५ तारखेला दाखल होऊन पुढच्या महिन्याच्या ५ तारखेला सुटलीस तर दोन मर्यादा लागतात. तातडी नसलेली शस्त्रक्रिया असेल तर डॉक्टरांना तसं मोकळेपणाने सांग, ते तारीख सांभाळून घेतात. जेवण आणि स्वतंत्र खोलीचं भाडं या मर्यादेत येत नाही. स्वतंत्र खोलीच्या कागदावर सही करण्याआधी दिवसाचा दर वाच, किंवा सरळ ‘ओबेया’, म्हणजे सामायिक वॉर्ड, माग.

आता रोजच्या दुखण्याखुपण्याचं. इथे ताप आला म्हणून थेट मोठ्या रुग्णालयात जायचं नसतं. २०० किंवा जास्त खाटांच्या बऱ्याच मोठ्या रुग्णालयांत डॉक्टरची चिठ्ठी, शोकाइजो, नसेल तर पहिल्या भेटीला निदान ७ हजार येन जादा घेतात, आणि ते पूर्ण आपल्या खिशातून जातात. आधी घराजवळचं क्लिनिक: ताप-खोकल्याला नाइका, कान-नाक-घशाला जिबिका, त्वचेला हिफुका, हाडं-स्नायूंना सेइकेइगेका. आठवड्यातून एक दुपार बंद ठेवणारे दवाखाने बरेच असतात, त्यामुळे निघण्याआधी वेळ बघून घे.

पावती नीट वाच. तिच्यावर उपचारांचे दर येनमध्ये नसून गुणांत छापलेले असतात, एक गुण म्हणजे १० येन. जून २०२४ च्या दरांनुसार पहिल्या भेटीचे २९१ गुण होते आणि औषधाची चिठ्ठी लिहिण्याचे ६०. त्या दराने नुसतं तपासून चिठ्ठी दिली तर ३५१ गुण, म्हणजे ३,५१० येन. त्याचे ३० टक्के १,०५३, आणि दहाच्या पटीत करून तू १,०५० देतेस. रक्त तपासलं, घशाचा नमुना घेतला, रात्री किंवा सुटीच्या दिवशी गेलीस की गुण वाढतात. औषधं वेगळ्या दुकानातून घ्यायची आणि तिथे पुन्हा ३० टक्के. चिठ्ठी लिहिल्याचा दिवस धरून फक्त चार दिवस चालते. शुक्रवारी संध्याकाळी मिळालेली चिठ्ठी पर्समध्ये राहिली तर मंगळवारी ती बाद. पहिल्याच वेळी औषधांची वही, ओकुसुरी तेच्यो, मागून घे आणि तुला कशाची अॅलर्जी आहे ते तिच्यात लिहून ठेव. बेशुद्ध पडलेल्या माणसाच्या बॅगेत ती वही सापडली तर डॉक्टरांचं अर्धं काम झालेलं असतं.

दाढ इथेच दाखव. किडलेला भाग काढून भरणं, रूट कॅनल, दात काढणं हे सगळं कोकुहोत बसतं. एका बैठकीत संपत नाही, आठवड्याला एक अशा बऱ्याच फेऱ्या होतात, आणि मुलं तिथेच कंटाळून सोडून देतात. अर्धवट रूट कॅनल सोडणं फार वाईट. कॅप घालायची वेळ आली की ‘होकेन दे ओनेगाइ शिमासु’ म्हण, म्हणजे विम्यात बसणारी सामग्री वापरतील. न विचारता सिरॅमिक निवडलंस तर एका दाताला लाखभर येनही जाऊ शकतात. वेडेवाकडे दात सरळ करणं, दात पांढरे करणं विम्यात नाही. तसंच लसीकरण, कंपनी किंवा कॉलेजसाठी लागणारी आरोग्य तपासणी आणि सौंदर्योपचारही नाहीत.

फेब्रुवारीत घरी गेल्यावर दाढ करून पैसे जपानमधून मागायचे असं मनात असेल तर ते होणार नाही. परदेशात झालेल्या उपचाराचा परतावा, काइगाई र्योयोही, मिळतो तो प्रवासात अचानक आजारी पडल्यास. उपचारासाठीच गेलेल्याला मिळत नाही. पण सोलापुरात डेंग्यू झाला आणि दाखल व्हावं लागलं तर जरूर माग. जाण्याआधी वॉर्डकडून दोन नमुने घेऊन ठेव: एक डॉक्टरांनी भरायचं उपचाराचं प्रमाणपत्र, दुसरा खर्चाचा तपशील. तिथल्या डॉक्टरांकडून डिस्चार्जच्या दिवशीच ते भरून, सही-शिक्क्यासह घे. परत आल्यावर मिळवणं फार कठीण जातं. सोबत मूळ पावत्या, सगळ्याचं जपानी भाषांतर आणि पासपोर्टवरचे शिक्के लागतात. विमानतळावर स्वयंचलित गेटमधून गेलीस तर शिक्का बसत नाही, म्हणून अधिकाऱ्याकडे मागून घे. जपानमध्ये त्याच उपचाराला किती लागले असते ते बघून रक्कम ठरते, प्रत्यक्ष खर्च त्याहून कमी असेल तर तोच धरतात. अर्जाची मुदत दोन वर्षं.

बाइतोवर हात भाजला, जिन्यावरून पडलीस तर कोकुहो दाखवायचा नाही. तो कामावरचा अपघात, त्याला रोउसाई हा वेगळा विमा असतो, त्यात उपचाराचा पूर्ण खर्च मिळतो. हप्ता मालकाने भरायचा असतो आणि विद्यार्थी कामगारही त्यात येतात. ‘स्वतःच्या कार्डावर दाखवून घे’ असं दुकानात सांगितलं तरी ऐकू नकोस, दवाखान्यात काम करताना लागलं असंच सांग. सायकलला गाडीने धडक दिली तर आधी पोलीस, मग वॉर्डला कळवून विमा वापरता येतो. पोलिसांची नोंद नसेल तर पुढे फार अडतं.

मनाच्या दुखण्याबद्दल जरा थांबून लिहिते, कारण आपल्या मुलांमध्ये ते लपवलं जातं. पहिल्या हिवाळ्यात झोप उडणं, सकाळी अंथरुणातून उठवत नाही असं वाटणं, प्रयोगशाळेत कोणाशी न बोलता आठवडे जाणं, हे मी पुष्कळ बघितलं आहे. मानसोपचार डॉक्टरची भेट आणि औषधं कोकुहोत येतात. उपचार लांबणार असेल तर ‘जिरित्सु शिएन इर्यो’साठी वॉर्डमध्ये अर्ज करता येतो. मग ३० टक्क्यांऐवजी १० टक्के भरावे लागतात, आणि कमी उत्पन्न असेल तर त्यालाही महिन्याची छोटी मर्यादा असते. ती ठरवतानाही पुन्हा उत्पन्नाची नोंद बघतात. घरच्यांना किंवा विद्यापीठाला पत्र जाईल ही भीती मनातून काढून टाक, असं कोणी कळवत नाही. निव्वळ समुपदेशन बहुधा विम्याबाहेर असतं, पण विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात ते फुकट मिळतं. सुरुवात तिथूनच कर.

कार्डाचं आता बदललं आहे. २ डिसेंबर २०२४ पासून जुनं विमा कार्ड नव्याने देणं बंद झालं. माय नंबर कार्डाला, म्हणजे इथल्या सरकारी ओळखपत्राला, विमा जोडायचा, आणि जोडलेला नसेल तर पालिका ‘शिकाकु काकुनिनशो’ नावाचं पत्र देते, तेही दवाखान्यात तितकंच चालतं. परदेशी माणसाचं माय नंबर कार्ड व्हिसाच्या मुदतीपर्यंतच चालतं. व्हिसा वाढवून मिळाला की कार्डाची मुदत आपोआप वाढत नाही, ती संपण्याआधी वॉर्डमध्ये जाऊन वाढवून घ्यावी लागते.

शहर बदललंस तर जुन्या ठिकाणचा कोकुहो तिथेच संपतो, नव्या गावी १४ दिवसांत पुन्हा नाव घालायचं. नोकरी लागून कंपनीचा विमा मिळाला की कोकुहोतून नाव काढायचं काम तुझं आहे, कंपनीचं नाही. नाही काढलंस तर दोन्हीकडचे हप्ते चालू राहतात. कायमची परत निघालीस तर निघण्याआधी वॉर्डमध्ये हिशेब पूर्ण कर, आणि नंतर काही भरायचं राहिलं तर कोण भरेल त्याचं नाव दे.

एखादा हप्ता भरता येत नसेल तर पाकीट कपाटात टाकू नकोस. आधी स्मरणपत्र येतं, मग दंड, आणि शेवटी बँक खात्यावर जप्ती येऊ शकते. पुढे कायमच्या रहिवासाचा अर्ज करशील तेव्हा हप्ते वेळेवर भरले का तेही तपासतात. खिडकीवर जाऊन ‘बुन्कात्सु’, म्हणजे ‘एकदम जमत नाही, थोडे थोडे भरते’, असं सांगितलं तर ते हप्ते पाडून देतात.

वॉर्डमध्ये जाशील तेव्हा त्याच फेरीत आणखी एक काम उरक. वीस वर्षं पूर्ण झालेल्या विद्यार्थ्यालाही राष्ट्रीय पेन्शनमध्ये नाव घालावं लागतं, आणि २०२५ साली त्याचा हप्ता महिन्याला १७,५१० येन होता. ‘गाकुसेई नोफु तोकुरेई’ हा अर्ज भरलास तर शिक्षण चालू असेपर्यंत तो पुढे ढकलता येतो. विद्यार्थी ओळखपत्र दाखवावं लागतं, आणि हाही अर्ज दरवर्षी नव्याने करायचा.